नीलम घट्ट बसला

८ जानेवारी २०२५, बुधवार
तृप्तीने आज इंदूरहून फोनवर मला खोटारडी म्हटलं. पोटच्या मुलीने. म्हणून ही वही. तिच्या मते ‘बाबा बरे आहेत’ असं मी रोज ठोकून देते. ठीक. यापुढे सगळं तारीखवार लिहीन. कोणाला दाखवण्यासाठी नाही. पुरावा आपल्याकडे असावा.
वस्तुस्थिती: ह्यांच्या किडन्या जेमतेम चालतात. डॉक्टर म्हणाले, डायलिसिस याच महिन्यात सुरू करा, आठवड्यातून दोनदा. रोज वजन करा, वाढलं तर फोन करा. केळी बंद, त्यातल्या पोटॅशियममुळे. मी म्हटलं, महिनाभर थांबू. माझा भाऊ त्या मशीनवर झोपला तो उठला नाही. हे डॉक्टरांना सांगितलं नाही. त्याचा इथे संबंध नाही.
वजन ५८.

९ जानेवारी
ह्यांच्यासाठी खडा घ्यायला मी योगेंद्र सराफाकडे गेले. मी अंधश्रद्धाळू नाही. ७८ सालची बी.एस्सी. आहे, बत्तीस वर्षं शाळेत केमिस्ट्री शिकवली. माणिक आणि नीलम एकच खनिज, कोरंडम. क्रोमियम शिरलं की लाल, लोह आणि टायटॅनियम शिरलं की निळं. इतक्या कणभर गोष्टीने दगडाचा रंग बदलतो, तर माणसाची तब्येत का बदलू नये? हे कोणी खोडून दाखवावं.
बँकॉकचा नीलम काळपट. काश्मीरचा म्हणून जो दाखवला त्यात भिंगाखाली गोल बुडबुडे. म्हणजे काच. तसं म्हटल्यावर योगेंद्र म्हणाला, आंटीजी, आपसे तो डर लगता है. लागायलाच हवी भीती. सिलोनचा घेतला, सव्वापाच रत्ती. मोराच्या मानेचा रंग.
नीलम सगळ्यांना लाभत नाही. आधी तीन दिवस निळ्या कापडात बांधून उशीखाली ठेवायचा. वाईट स्वप्न पडलं, काही इजा झाली, तर दगड परत. याला प्रयोग म्हणतात.

११ जानेवारी, शनिवार
दगड उशीखाली. ह्यांनी विचारलं, मॅडम, पेपर किती मार्कांचा? झोपा म्हटलं.

१२ जानेवारी
स्वप्न विचारलं. नेपानगरच्या पेपर मिलमध्ये होते म्हणे, रिटायर होण्याआधीसारखे. लगदा गुडघ्यापर्यंत चढला होता आणि कोणी मशीन बंद करेना. पण भीती वाटली नाही. भीती नाही, म्हणजे वाईट स्वप्न नाही.

१३ जानेवारी
दोनदा उलटी. कालची मुगाची भजी.

१४ जानेवारी
बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडले. कोपर सोललं. उंबरा मुळातच उंच आहे, बांधणाऱ्याची चूक. तीन दिवस पूर्ण. नीलम लाभला.

१८ जानेवारी, शनिवार, सकाळी ७.१०
पंचधातूच्या अंगठीत बसवून उजव्या हाताच्या मधल्या बोटात घातला. अंगठी सैल होते. आतून दोरा गुंडाळला. डायलिसिसला सोमवारी बोलावलं होतं, फोन करून पुढे ढकललं.

२५ जानेवारी
वजन ६०.५. दोरा निम्मा काढला. सहा महिन्यांत पहिल्यांदा वजन चढलं. डॉक्टरांना फोन केला नाही. चांगली बातमी कोणी दवाखान्यात कळवत नाही. तृप्तीला मात्र मुद्दाम कळवलं. ती म्हणाली, आई, त्यांचा पाय बोटाने दाबून बघ, खड्डा पडतो का. ही बँकेत नोकरी करते.
पाय दाबला नाही.

२९ जानेवारी
ह्यांचे मित्र कौतिक खकनारहून आले. केळीचा घड घेऊन. केळी बंद आहेत म्हटलं तर हसले. म्हणाले, वहिनी, बऱ्हानपुरमा राहीसनी केळं बंद? मग श्वास पण बंद करी टाका! मग ह्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हसू थांबलं. भाऊ, तुन्हा तोंडवर सूज शे, म्हणाले. मला म्हणाले, गाडी दारात आहे, आत्ता नेऊ.
मी सांगितलं, भरल्या अंगाला सूज म्हणायची पद्धत तुमच्या खकनारला असेल. चहा न पिता गेले.
ह्यांनी अर्धं केळं मागितलं. तब्येत सुधारते आहे, तेव्हा दिलं. रोज अर्धंच. शिस्तीत.

२ फेब्रुवारी
वजन ६३. दोरा पूर्ण काढला. अंगठी ओढून पाहिली, हलत नाही. दगडाने पकड घेतली.
हल्ली बसूनच झोपतात, आडवं झालं की दम लागतो म्हणतात. घोरणं मात्र पार थांबलं. चाळीस वर्षांत मला जमलं नव्हतं.

५ फेब्रुवारी
ह्यांनी विचारलं, कौतिकची गाडी परत येईल का?
मी म्हटलं, शनिवारी अंगठीला तीन आठवडे होतात, तेवढं होऊ दे. म्हणाले, बरं मॅडम. दुपारी मी पूर्ण केळं दिलं. त्यांनी मागितलं नव्हतं. अर्धं खाऊन उरलेलं बशीत ठेवलं.
बोट निळसर दिसतं. दगडाची झाक असावी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
काल सकाळी दहाला नेलं. कौतिकच्याच गाडीतून. मशीन लावायच्या आत हृदय थांबलं. अकरा चाळीस.
अंगठी निघेना. नर्सने आधी साबण लावून पाहिला, मग कटर मागवला. मी म्हटलं, राहू द्या. ती म्हणाली, माताजी, नियम है.
मिळालं: चष्मा. तपकिरी स्वेटर. वरची कवळी. अंगठी, दोन तुकडे. नीलम अखंड, रंग तसाच. सही केली.
तृप्ती आली आहे. माझ्याशी भांडली नाही. एवढंच विचारलं, आई, वजन लिहीत होतीस ना?
दिलं: तृप्तीला, ही वही. तारखा आणि आकडे बरोबर आहेत.