गुडघ्यावरचं काम

प्रिय लंबू,

पेन हातात घ्यायला मला किती जड जातं ते तुला माहीत आहे. कामाची मापंसुद्धा तूच लिहून घ्यायचास. पण फोनवर तू 'कामावर कधी येतोस' विचारलंस की माझ्या तोंडून 'झालंच आता' निघून जातं, आणि मग ते मागे घ्यायची हिंमत होत नाही. म्हणून हा उद्योग.

ऑपरेशनला साडेपाच महिने झाले. नवा गुडघा छान बसलाय, असं डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून सांगतात. बसलाय खरा, पण वाकत नाही. व्यायाम करून घेणारी बाई रोज कोनमापक लावते. आपण जन्मभर गुण्या लावून लोकांच्या खोल्या काटकोनात आणल्या आणि माझा स्वतःचा पाय काही काटकोनात येईना! मध्ये भूल देऊन डॉक्टरांनी तो जोर लावून वाकवला. आठवडाभर मी गुरासारखा ओरडत होतो, तुझी वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडायची, आणि महिन्याभरात गाडी पुन्हा बहात्तर अंशांवर. आता याच्यापुढे फारसं काही होणार नाही, असं परवा त्यांनी सांगून टाकलं. चाला, फिरा, पण गुडघ्यावर बसायचं विसरा, म्हणाले. फरशी बसवणाऱ्याला हे सांगतात.

पण मी निमूट ऐकलं तर मी कसला? व्यायामाच्या खोलीत, चालायच्या दांड्यांच्या मधोमध एक फरशी आहे. काठी टेकली की पोकळ वाजते. खाली माल नीट भरलेलाच नाही कुणी. आपण त्या शाळेचा अख्खा मजला नऊ दिवसांत उरकला होता, तरी एक फरशी वाजली म्हणून तू मला ती उखडायला लावली होतीस. किती शिव्या घातल्या होत्या मी तुला! तर मंगळवारी बाईचं लक्ष नाही असं बघून मी दांडी धरून खाली उतरायला गेलो. म्हटलं, एकदाच टेकवून बघू. गुडघा टेकलाच नाही. कुशीवर आपटलो आणि तसाच पडून राहिलो. दोन माणसांनी काखेत धरून उचललं. बाई खूप बोलली. मला राग नाही आला रे, रडू आलं, सगळ्यांसमोर.

काल तुझी बायको येऊन गेली. सांगायचं नाही अशी तू तंबी दिलेली, तरी बिचारीनं सांगितलं. जोडीदार यायचाय म्हणून तू दोन मोठी कामं सोडलीस. लंबू, तुझा जोडीदार येणार नाही. त्या चष्मेवाल्याला बरोबर घे. फरश्यांमधले सांधे जरा जाड ठेवतो, पण कामात लबाडी करत नाही. माझी थापी आणि गुडघ्याला बांधायच्या गाद्या तुझ्याकडेच आहेत, त्या त्याला दे. मला परत करायला म्हणून इकडे आणू नकोस. मला बघवणार नाही.

तुझाच,
बुटका