उतरवलेल्या तारा

धाकट्या,

या घराचा उंबरा चढू नकोस असं मी म्हणाले होते, ते अजून मागे घेतलेलं नाही. काम पडलं म्हणून लिहिते.

तू इथंच ठेवून गेलास त्या गिटारच्या दोन जाड तारा ढिल्या पडलेल्या दिसल्या. ढिली तार ताणायची, एवढंच मला कळतं. दुकानात नेऊन ताणून आणल्या. पोर वाजवायला बसली आणि रडायलाच लागली. "आई, मामानं त्या मुद्दाम खालच्या सुरात उतरवल्या होत्या. आता त्याची धून लागतच नाही."

बाबा अंथरुणाला खिळलेत, बोलत नाहीत. पोरीनं वाजवलेली तुझी ती धून कानावर पडली तरच दोन घास गिळायचे. तीन दिवस तोंड मिटून आहेत. पोर खुंट्या थोड्या थोड्या पिळते, मी चमचा धरून बसते.

"मामाला विचार ना, किती उतरवायच्या."

"गप. पीळ."

आज दोन्ही तारा खाली उतरून नेमक्या बसल्या. अख्खी खोली घुमली. बाबांनी तोंड उघडलं नाही. मान वळवून दाराकडे पाहिलं. अजून तिकडंच बघतायत.

पत्र पोचायला चार दिवस लागतील, तेवढी सवड नाही. पोरीला फोन लावायला सांगते. बोलेन मीच.

तुझी ताई