हरायला जाणाऱ्यांची वर्गणी

२२ नोव्हेंबर १९८६, शनि.

पत्र आलं. आमचा मुलींचा खो-खो संघ राज्य स्पर्धेला पात्र. नागपूर, डिसेंबरअखेर. राहणं-जेवण आयोजकांकडे, प्रवास ज्याचा त्याने. शाळेत गूळ-खोबरं वाटलं. मी खोलीवर येऊन पाय गरम पाण्यात सोडून बसले.

पी.टी.चे सर बदलून गेले तेव्हा 'तात्पुरतं बघा' म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात पडली. हे तिसरं वर्ष. मी मराठी शिकवणारी बाई. गुडघे मराठीचेच आहेत, खो-खोचे नाहीत.

२४ नोव्हें., सोम.

हेडमास्तरांनी (यापुढे हे.मा., पुरं लिहायचा कंटाळा) सभा घेतली. विभागीयला कोल्हापूरला जाऊन आलो त्यातच क्रीडा निधी आटोपला. आता कल्पना सुचवा म्हणाले. सगळ्यांना सुचल्या. करायच्या मात्र मी.

१) रत्नागिरीच्या बाजारात पावत्या फाडणे. २) गावच्या हौशी मंडळींचं नाटक, तिकीट लावून. ३) ...तिसरी कुणालाच आठवेना, तेवढ्यात चहा आला.

नाटकाचा हिशेब मी तिथेच मांडला. पडदे भाड्याचे, बत्त्या भाड्याच्या, तालमीला रोज चहा, आणि प्रयोगानंतर नटांना कोंबडी. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. हे.मा. म्हणाले, 'बाई, तुम्ही फार निरुत्साही.' आहे खरी.

२९ नोव्हें., शनि., रत्नागिरी

दुपारच्या एसटीने घरी. वाटेत बाजारात उतरून पावतीपुस्तक घेऊन फिरले. पहिला दुकानदार: 'मुलींचा संघ? मुलगे नाहीत?' दुसऱ्याने सरबत पाजलं आणि मालक मुंबईला आहेत म्हणाला. तो स्वतःच मालक, मला ठाऊक आहे. तिसऱ्याने कॅलेंडर दिलं, चालू वर्षाचं! महिना उरलाय त्यात.

घरी हे म्हणाले, 'नागपूरला जाऊन काय करणार? तिथल्या पोरी संत्री खाऊन धावतात.' हसायला आलं नाही. उशिरा आलं, भाकरी थापताना.

३० नोव्हें., रवि.

सकाळच्याच गाडीने परत, कारण तिसरी कल्पना मुलींनीच काढली: गवत कापायचं. पालीच्या एका बागवाल्याला आंब्याच्या पेट्यांसाठी हवंच असतं. बाराही जणी सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळमाळावर, मी झाडाखाली, शिट्टीसकट. सुनंदा (आमची कप्तान) सर्वांत पुढे. विळा तसा चालवते जसा खो देते, मागे न बघता. एकीचा अंगठा कापला, चिंधी बांधून पुन्हा वाकली.

पेंढे बरेच झाले, पैसे बरे नाहीत. कोल्हापूरपर्यंतचं एसटीचं भाडं सुटेल. रेल्वेचं काय?

सुनंदा दहावीला आहे. पुढल्या वर्षी वयात बसणार नाही. मे महिन्यात मुंबईला भावाकडे जायचंय, भाऊ नि त्याचे दोन मित्र खोलीवर राहतात, त्यांचा स्वयंपाक करायला. तिने हे गवत बांधता बांधता सांगितलं, उद्या बाजार आहे असं सांगावं तसं. मी म्हटलं, 'मग खेळ?' तर म्हणाली, 'मुंबईत खांब खय रोवायचा, बाई?'

माझं मन दिवसभर लागलं नाही. हिला नागपूर दाखवायलाच हवं.

१ डिसें., सोम.

तात्या गावकरांकडे गेले. देवळाचे मानकरी तेच, शाळा समितीचे अध्यक्षही तेच. देवस्थानची शिल्लक पडून आहे, त्यातून प्रवासखर्च द्या म्हणून पदर पसरला. तात्या बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग: 'पैसा देवीचा. देवीला इचारूया. उद्या देवदिवाळी हाय, सगला गाव आसेल.'

कौल लावणार. बरं. मी ज्या गावची आहे तिथेही लावतात, मी कधी विरोध केला नाही, विश्वासही फारसा ठेवला नाही. होकार मिळाला तर काम एका दिवसात. उगाच कशाला वाद?

२ डिसें., मंगळ., देवदिवाळी

राग आलाय, कुणाचा ते कळत नाही.

देऊळ भरलेलं. गुरवांनी देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी तर नाही. तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, 'बाई, काय इचारायचा ता तुमीच सांगा. तुमी मराटी शिकवता.'

आणि मी शिकवलं! एवढं विचारायचं होतं: पैसे द्यावेत का. पण सगळा गाव बघतोय, सणाचा दिवस, शुभ बोलावं, जरा भरदार बोलावं. मी म्हटलं, 'मुली नागपूरला जाऊन विजयी होऊन परततील का?' गुरवांनी जसंच्या तसं गाऱ्हाणं घातलं, माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणाली.

डावी पडली.

एक म्हातारी हळूच कानशिलावर बोटं मोडून गेली. मुली खांबांपाशी उभ्या होत्या, सुनंदा वर घंटेकडे बघत राहिली.

निबंधात मुलांचे गुण कापते मी, विषय सोडून सजावट केली म्हणून.

३ डिसें., बुध.

पैसे नाहीत, हे कालच कळलं. आज मुलीही नाहीत. सकाळपासून आया शाळेत येतायत. देवीने नको म्हटलंय, आमची पोर जाणार नाही. दुपारपर्यंत कौलाला पाय फुटले: रेल्वे उलटणार, नागपूरला साथ आहे, एकीला तिथंच ठेवून घेणार. हे.मा. म्हणाले, 'आता विषय संपला, बाई. तुम्हालाही विश्रांती.'

विश्रांतीच हवी होती मला गेली तीन वर्षं. मग आज हायसं का वाटत नाही?

संध्याकाळी मैदानावर कुणी नाही. खांब काढून ठेवायला गेले, निघेना. तसाच सोडला.

५ डिसें., शुक्र.

सुनंदा खोलीवर आली. दारातच उभी. मी म्हटलं, आत ये, चुकलं माझं, मी प्रश्नच वाकडा विचारला, आता तो पुन्हा विचारता येत नाही म्हणे.

ती म्हणाली, 'पन बाई, देवीन जिंकनार नाय असा सांगितलान. जाव नुको असा कवा सांगितलान?'

मी भांडं खाली ठेवलं.

'हारून येव की. हारायला काय हरकत हाय?'

इतकी वर्षं व्याकरण शिकवतेय. वाक्यपृथक्करण या पोरीने केलं.

७ डिसें., रवि.

रत्नागिरीला गेले नाही. सुनंदाला घेऊन तात्यांच्या ओटीवर. तीच बोलली, मी फक्त मान हलवली. तात्यांनी गुरवांना बोलावून घेतलं. दोघांनी मंगळवारचे शब्द पुन्हा पुन्हा घोळवले. गुरव म्हणाले, 'जाऊन जिंकतील का, असा इचारलाव. म्हनजे जानार ता धरूनच इचारलाव.' तात्या हसले. या माणसाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

निकाल असा: मुलींनी जायला हरकत नाही. जिंकणार नाहीत एवढंच नक्की. पण 'देवीचा पैसा हारायला देता येयाचा नाय, बाई. लोक इचारतील.' मग उठून आत गेले, खिशातलं काढून आणलं. 'हा माजा हाय. ह्याला कौल नाय लागत.'

९ डिसें., मंगळ.

आता प्रश्न: हरायला जाणाऱ्या संघाला वर्गणी कोण देतं? जगात कुठे मागितली असेल अशी? हे.मा. म्हणतात पत्रकात 'विजयासाठी साहाय्य करा' लिहू. मी म्हटलं, अख्ख्या गावाला निकाल ठाऊक आहे, कुणाला फसवताय? पत्रकच नको. घरोघर जाऊ.

१२ डिसें., शुक्र.

थकले. वाडी वाडी फिरून टाचा भेगाळल्या. पण काय सांगू. देतायत! विजयासाठी मागितलं तेव्हा सगळ्यांचे मालक मुंबईत होते. आता आजाऱ्याला बघायला यावं तशी माणसं येतात, काही ना काही हातावर ठेवतात. 'जाव दे बिचाऱ्या, हारून तरी येतील.' कुणी पैसे, कुणी पोहे, कुणी कुळीथ. कुळीथ घेऊन रेल्वेत काय करू? घेतले. विकू पालीला.

सुनंदाची आई सगळ्यात आडमुठी, तिच्याकडे जायची भीती होती. ती म्हणाली, 'जिंकून आली असती तर डोक्यावर बसली असती माज्या. हारून येताय ना? मंग जाव दे.' आणि कनवटीचं सोडून दिलं. मला रागही आला नि रडूही. तिथे काही केलं नाही, खोलीवर येऊन दोन्ही केलं.

सराव पुन्हा सुरू. एक गंमत दिसतेय. मुली मोकळ्या धावतायत. पूर्वी हुकलं की माझ्या तोंडाकडे बघायच्या.

१८ डिसें., गुरु.

स्वेटरचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नागपूरला थंडी. इथे स्वेटर कोण बाळगतं? मुंबईकरांच्या पेट्या उघडल्या गेल्या, बाप्यांचे स्वेटर पोरींच्या गुडघ्यापर्यंत. ज्यांना नाही त्यांना वाकळ. रेल्वेची सवलत मंजूर. पैसे जेमतेम पुरतात. काल ह्यांनी निरोप्याबरोबर पाकीट पाठवलं, आत चिठ्ठी: 'हरून लवकर परत ये.' हा माणूस पन्नाशीत सुधारतोय.

२० डिसें., शनि., एसटीत

आंबा घाट. चौघी ओकल्या. मी पाचवी. सगळा गाव पालीपर्यंत सोडायला आला होता. कुणीही 'जिंकून या' म्हटलं नाही. 'संबालून या' म्हणाले.

२३ डिसें., मंगळ., नागपूर

गाडीतल्या दिवसांबद्दल काही लिहीत नाही, अंग अजून हलतंय.

इथलं मैदान मऊ, काळ्या मातीचं. आमच्या पोरींचे पाय कातळाला घासलेले, त्यांना गादीवर सोडल्यासारखं झालं. पहिला सामना जिंकलो. नुसता नाही, दणकून. सुनंदाने खांबाकडे असा सूर मारला की शेजारच्या मैदानावरची माणसं इकडे आली. मी ओरडले म्हणे. मला आठवत नाही, पण घसा बसलाय.

रात्री खोलीत सगळ्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी म्हटलं, काय गं, दमलात? संघातली सर्वांत धाकटी रडायलाच लागली. सुनंदा म्हणाली, 'बाई, आमी चुकून जिंकलाव.'

२४ डिसें., बुध.

पुन्हा जिंकलो. दोन सामने, सकाळी आणि संध्याकाळी. उद्या अंतिम.

मुली जेवल्या नाहीत. आज कळलं मला पुरतं, इतके दिवस मी हसण्यावारी नेत होते. जिंकल्या तर देवी खोटी पडते. गुरव खोटे पडतात, तात्या खोटे पडतात. 'हारून येताय म्हनून' कनवटीचं सोडलेल्या आया फसवल्या जातात. आणि पावसात काही झालं, कुणाचं जनावर मेलं, कुणाचं पोर तापलं, तर बोट यांच्याकडे. धाकटी म्हणते, तिची आजी तिला घरात घेणार नाही. मी म्हटलं, घेईल गं. पण मला काय ठाऊक?

तात्यांना तार करावी असं मनात आलं. काय लिहिणार तारेत? 'जिंकायला परवानगी द्या'?

२५ डिसें., गुरु.

मैदानाच्या कडेला बसून लिहितेय. सामना लांबला, चुन्याच्या रेषा पुन्हा मारतायत.

सुनंदा स्वेटर काढून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, 'बाई, तुमी सांगा. तुमी सांगाल तसा खेळू. जिंकू का नको?'

मी म्हटलं, थांब, बघते. बघायचं काय आहे त्यात?

मला जिंकायचंय. इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने म्हणायचं धाडस नाही. आयुष्यात काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं, आणि तेही या वयात, असल्या गुडघ्यांनिशी. पण मी 'जिंका' म्हणून मोकळी होईन. मला दर शनिवारी रत्नागिरीची एसटी आहे. त्यांना त्याच गावात राहायचंय, त्याच देवळावरून पाण्याला जायचंय. सुनंदाला मेपर्यंत. बाकीच्यांना कायम.

नाणेफेक झाली. आम्ही जिंकलो तीही. सुनंदा रेषेवर उभी राहून माझ्याकडे बघतेय, आधी धावायचं की बसायचं ते विचारायला. पंच दोनदा बोलावून झाले. ती अजून बघतेय.