पाणवठ्यापलीकडचा आवाज

३ मार्च
पोचलो एकदाचा! बसमधून उतरलो तेव्हा केसांपासून बुटांपर्यंत वाळूचाच झालो होतो, पण लेन्सच्या पिशवीत एक कण शिरू दिला नाही. विश्रामगृह म्हणजे दोन खोल्या, एक खाट आणि खिळ्याला टांगलेला आरसा. ते आणि पाणवठ्याचा पंप सांभाळणारे काका भलतेच बोलघेवडे. माझी लांबलचक लेन्स बघून त्यांनी विचारलं, पक्षी टिपायला आलात की पाडायला?

बायकोनं अक्षरशः ढकलून पाठवलं मला. दोन वर्षं दुकानात बसून लोकांना चष्मे लावून देतोस, स्वतः मात्र कुठंच बघत नाहीस, असं तिचं म्हणणं. खोटं नाही. कॅमेरा आज दोन वर्षांनी बाहेर काढला.

४ मार्च
उजाडताच पाणवठ्याशी पोत्यांच्या आडोशात जाऊन बसलो. आधी रणगोजा आला, चिमणीएवढा पक्षी, दगडावर शेपटी उडवत. नऊच्या सुमारास पखुर्ड्यांचा थवा उतरला. वाळूच्याच रंगाच्या, कबुतराएवढ्या. एक नर पोटापर्यंत पाण्यात बसून राहिला, पिसं फुलवून. काका म्हणाले, तो पिसांत पाणी भरून घेतोय, पार लांब पिल्लांपाशी नेईल. पिल्लं बापाच्या पोटाला चोची लावून पाणी पितात.

पन्नास-साठ फोटो घेतले, मग धूसर दिसायला लागलं. लेन्स पुसली. दोष लेन्सचा नव्हता.

ठमी आमची. नऊ वर्षांची होती. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी पाणी देऊ नका म्हणून बजावलं होतं. दुपारभर ती घोकत होती, बाबा, एकच घोट. मी म्हणत राहिलो, संध्याकाळी देतो हं बाळा. तिची संध्याकाळ झालीच नाही.

६ मार्च
भरदुपारी काका खिडक्या लावून घेतात आणि रेडिओ मोठ्यानं लावतात. मला वाटलं, कमी ऐकू येत असेल.

आज मी आडोशातच रेंगाळलो. पक्षी केव्हाच उडून गेले होते. पाणवठ्यापलीकडच्या दगडांमागून आवाज आला. बाबा, एकच घोट.

तोच आवाज. सुकलेल्या घशातला, थोडा चिरकलेला. वारा असेल म्हणून स्वतःला समजावलं. पण वारा बाबा म्हणत नाही.

७ मार्च
काकांना सांगितलं. आधी टोलवाटोलवी केली, मग बोलले. त्या दगडांमागं जे आहे त्याला स्वतःचा आवाज नाही. आपल्या मनात जो सलत असतो तो आवाज ते उचलतं. तीन वर्षांपूर्वी काकूंना त्यांच्या गेलेल्या आईनं तिकडून हाक मारली. काकू ओ देऊन गेल्या, परतल्या नाहीत. आता रोज दुपारी काकू तिकडून काकांना जेवायला बोलावतात. म्हणून रेडिओ.

उद्याच्या बसनं जा म्हणाले. हात जोडले माझ्यापुढं. मी बरं म्हटलं.

८ मार्च
बस गेली. मी नाही गेलो.
पाण्याची बाटली दगडांवर ठेवून आलो. मागं वळून पाहिलं नाही.

९ मार्च
बाटली रिकामी. झाकण घट्ट लावलेलं.
ठमी कधीच झाकण लावायची नाही. त्यावरून किती रागवायचो मी तिला.
म्हणजे ती नाही. कळतंय मला. सगळं कळतंय.
तरीही दोन बाटल्या ठेवल्या.

१० मार्च
आज हाक आल्यावर तोंडातून निघूनच गेलं — आलो गं.
काकांनी दंड धरला. रडत होते म्हातारे. सोडवून घेतला मी.

११ मार्च, दुपार
दगडांपलीकडे बसलोय. ती समोर आहे. केस तोंडावर आलेत, चेहरा दिसत नाही. ओंजळीनं पाणी पाजतोय. पितेय, पितेच आहे — तिसरी बाटली संपली —

केस मागं सारावेसे वाटतात. हात होत नाही.

ठमे म्हणायला गेलो. आवाज फुटला नाही. माझा आवाज तिच्या तोंडून आला. माझ्याच आवाजात म्हणाली — आता तुझ्या बायकोलाही बोलावू.

फोन माझ्या खिशात होता. आता तिच्या हातात आहे.

काका, ही वही सापडली तर माझ्या बायकोला कळवा — फोनवर बोलेल तो मी नाही, तिनं येऊ नये, काहीही झालं तरी —

फोन उचलला बायकोनं. पक्षी दिसले का, विचारतेय. दोन वर्षांनी हसतेय. मी ओरडतोय, नुसतं तोंड उघडतंय — आणि माझा आवाज तिला सांगतोय, अगं ये लवकर, इथं आपली ठ