पेशी परत आल्या

१० नोव्हेंबर, चौसाळा
पुण्याहून फोन न्हाई अजून. ह्यांच्या रक्तातल्या पेशी काढून नेल्या त्याला महिना होत आला. सगळी औषधं हरली, आता एवढंच राहिलं. थोरला योगीराज म्हणतो, आई, लॅबमधी त्या पेशींत नवीन जीन घालतेत, मग त्या कॅन्सर वळखतेत. म्हंजे कुत्रं घरचंच — चोरावर भुंकत नव्हतं. आता चोराचा वास देऊन परत सोडणार. बरं. पण लवकर सोडा ना!

१६ नोव्हेंबर
शेजारची जानकीबाई आमच्या दुकानात येऊन बसली. कुणाचं रक्त चढवणार म्हणं, कोणत्या जातीचं? ह्यांचंच हाय म्हणलं. पटंना तिला. साखर बांधून दिली अन् वाटंला लावली.

२९ नोव्हेंबर, पुणे
फोन आला, ह्यांना दवाखान्यात भरती केलं. सिस्टर म्हणली गळ्यातलं इष्टलिंग काढा. हे म्हणले, "जीव काढा, लिंग न्हाई निघायचं." शेवटी पुसून दंडाला बांधलं.

१ डिसेंबर
पेशी परत आल्या. एवढीशी पिशवी! माझा चहा होईस्तोवर चढवून झाली बी. डॉक्टर म्हणले, ताप येईल, आला तर समजायचं पेशी लढायल्यात. पण कधी कधी डोक्यावर परिणाम होतो — नजर ठेवा.

३ डिसेंबर
ताप न्हाई.

४ डिसेंबर
न्हाईच. जन्मभर देवाला ताप उतरव म्हणले. आता चढव म्हणायलेय.

५ डिसेंबर
आला! एकशे दोन. योगीराजला फोन केला तर फोनवरच रडाया लागला. सिस्टर घडीघडीला येऊन विचारती — नाव काय, गाव कोणतं, महिना कोणता. वर एक ओळ लिहायला लावती. महिना हे म्हणले मार्गशीर्ष. तिनं चूक लावली! मी भांडले. केरळची हाय बिचारी, तिला काय ठावं. हे हसले. म्हणले, "उमे, गप बस. तू मला नापास करशील."

७ डिसेंबर
ताप एकशे चारच्या वर. पेन धरवंना. नाव विचारलं तर नुसतं बघतेत. डॉक्टर पळत आले, इंजेक्शन दिलं. म्हणले, पेशी लई जोरात लढायल्यात, बहुतेकांचं डोकं मागून ताळ्यावर येतं.
बहुतेकांचं! बाकीच्यांचं काय, ते न्हाई सांगितलं.

८ डिसेंबर
सकाळी डोळे उघडले. माझ्याकडं बघून म्हणले, "बाई, तुमी जावा आता घरी. माझी बायको येईलच. लई तापट हाय. पण ती आली की सगळं नीट करती."
मी म्हणलं, ती येईस्तोवर बसते.