हलकं बटण

९ जून

पुन्हा फुकट गेलं! दुकानातलं काम बाजूला ठेवून जोडलेली जॉयस्टिक आज प्रतीक्षाच्या हातात दिली. तिनं दांडा धरला, डावीकडे ओढला. टीव्हीवरचा रणगाडा जागचा हलला नाही. परत ओढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अण्णा, जरा कडक झालंय."

जरा! मी पंपाच्या स्टार्टरची बटणं घातली होती त्यात. आमच्या मोटार वाइंडिंगच्या धंद्यात बटण जितकं कडक तितकं चांगलं — चुकून कुणाचा हात लागून पंप चालू व्हायला नको. इतकी वर्षं हुमनाबादच्या दुकानात हेच करत आलो. पण स्वतःच्या बहिणीच्या बोटांत जोर उरला नाही हे डोक्यात येऊ नये? स्वतःचीच चीड आली.

१० जून

गेमचा डबा जुना, कॅसेटवाला. आम्ही शाळेत होतो तेव्हा अप्पांनी शेवटची मेंढरं विकली आणि बिदरहून येताना हा घेऊन आले. माय महिनाभर बोलत होती त्यांना. डबा अजून ठणठणीत आहे, पण त्याच्या रिमोटांचं रबर वितळून चिकट झालंय. मोबाइलवर मागवलेला नवा रिमोट आला तर त्याची बटणं एवढीएवढीशी. तिला दाबताच येत नाहीत.

शाळेत शिकवताना, फळ्यावर लिहिताना प्रतीक्षाच्या हातातून खडू पडायला लागला, तिथून हे सुरू झालं. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्नायू जातात, औषध नाही, हातांपासून सुरू झालंय. पुढं कुठवर जाईल हे विचारायचं धाडस मला झालं नाही. नोकरी सुटली, ती दुबलगुंडीला घरी आली. तेव्हापासून तिनं एकच गोष्ट मागितली. "तो टीव्हीवरचा गेम हाय का अजून?"

म्हणून मी याच्या मागे लागलोय. दुसरं काय करता येतं मला?

१५ जून

भंगारवाल्याकडच्या झेरॉक्स मशीनमधून बारके पात्याचे स्विच काढून आणले. करंगळी टेकली तरी दबतात.

१९ जून

चाललं! छत्रीची काडी घेतली, खाली चार बाजूंना चार स्विच. अप्पांनी काडीच्या टोकाला लोकरीचा गोळा वळून दिला, मुठीएवढा. प्रतीक्षानं त्यावर नुसता तळवा ठेवला आणि रणगाडा पळायला लागला. पाचवं बटण, गोळीचं, कोपराखाली.

कडक बटणांची जॉयस्टिक मी घेतली. दोघं खेळलो. लहानपणी खेळायचो तसंच — मी पुढं घुसायचो, ती मागं राहून किल्ला सांभाळायची आणि मला शिव्या घालायची.

"पुढं कामून पळायलास? मागं कोन बघायचं?"

तोच आवाज, तोच राग. मला हसू आलं. रडूही यायला लागलं म्हणून पाणी प्यायला उठलो.

२३ जून

जॉयस्टिक बंद पडली. खोलून बघतो तर आत सगळं पिवळं! चारही स्विचांत भंडारा बसलेला.

आमच्याकडे नवीन वस्तू आली की तिला आमच्या देवाचा, मैलार मल्लण्णाचा भंडारा लागतो. सायकल असो, दप्तर असो, मोटार असो. तो एकदा लावतात. मायनं रोज सकाळी मूठभर टाकलाय! मी विचारलं तर म्हणाली, "तुझ्या तारांवर तुझा भरवसा, माझ्या देवावर माझा. गप ऱ्हा."

बोलणार होतो. तिचा चेहरा बघितला. पेट्रोलनं स्विच धुतले, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं आणि भंडारा प्लॅस्टिकवर टाक म्हणून सांगितलं. शेवटी आमच्या दोघांचं एकच चाललंय की.

७ जुलै

तळवा गोळ्यावर ठेवला की तसाच राहतो. मनगट वळत नाही.

स्प्रिंग काढून टाकली. काडी निम्मी केली. नुसत्या वाऱ्यानं हलेल एवढं हलकं केलं. तिनं जोर लावला तो मला तिच्या मानेत दिसला, कपाळावर दिसला, हातात काही उतरला नाही. जॉयस्टिकमध्ये बिघाड असता तर मी काढला असता. हुमनाबादेत माझ्यासारखं कुणी जळालेली मोटार भरत नाही असं लोक म्हणतात. काय करायचंय त्या नावाला!

दुकानात एका गिऱ्हाइकावर उगाच खेकसलो. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

११ जुलै

अप्पा तिच्या खाटेशी काठी घेऊन उभे होते. दोन्ही हात काठीवर, हातांवर हनुवटी. मेंढरांमागं सगळा जन्म असेच उभे राहिले, आता मेंढरं नसली तरी सवय आहे. मी टाकलेली जॉयस्टिक उचलून ठेवत होतो. ते जागचे न हलता म्हणाले, "हात न्हाई तर न्हाई. हनुवटी हाय की."

१७ जुलै

वाटीएवढं झाकण, आत लोकर, खाली तेच स्विच. खाटेच्या कठड्याला पट्टीनं आवळलं. गोळीचं बटण गालापाशी. हनुवटीनं रणगाडा चालतोय! पहिल्या खेळात तिनं मला मागंच टाकलं. अप्पांनी आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२५ जुलै

रोज खेळते. मी मोटारसायकलवर दुकानातून येतो तेव्हा टीव्ही लावलेलाच असतो, ती हनुवटी ठेवून तयार असते. दिवसभरात हे एकच चांगलं घडतं माझ्या. तिच्याही, असं वाटतं.

३१ जुलै

डॉक्टर म्हणाले की आता मान.

आज तिच्या नकळत पुढची जॉयस्टिक जोडायला घेतलीय, फुंकरीवर चालणारी. सलाइनची नळी, फुगा, एक स्विच. मान गेली की ही लागेल. असं लिहवत नाही, पण खरं आहे — आजाराच्या आधी पोचायचं म्हणून मी पळतोय. आणि फुंकर गेल्यावर काय, हे माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही.

तिची हनुवटी लाल झालीय. विचारलं, दुखतंय का. म्हणाली, "न्हाई. खेळ तू."

३ ऑगस्ट

सकाळी निघताना माय दारापर्यंत आली. नळीची जॉयस्टिक पिशवीत बघून म्हणाली, "हे नको करू. तिला झेपत न्हाई रे. दिसभर डोळे मिटून पडती. सांजच्याला तुझ्या गाडीचा आवाज आला की मला म्हनती, माय, गेम लाव, वाटी हनुवटीखाली दे, अण्णा आला."

संध्याकाळी गाडी वेशीतच बंद केली. घरापर्यंत ढकलत आणली.