तिघींच्या तीन देव्या

नागपूर, नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप मायले,
गोपिकाचा दुरूनच पायावर डोक्सं ठेवून नमस्कार.

मी बरी आहो. दवाखान्यात ठेवलं म्हणून घोर करू नको. जेवण चांगलं भेटते. बाबाचा खोकला कमी झाला का? संत्री उतरली का?

काल सकाळपासून पोटातलं लेकरू हाललंच नाही. केरळच्या नर्सबाईनं नळी लावून ऐकलं अन् गळ्यातल्या मेरीमातेले हात लावला. मी तुह्या कोराडीच्या जगदंबेले हाका मारून राहिली होती. शेजारच्या खाटेवरची गोंड म्हातारी उठून आली अन् माह्या पोटावर हात ठेवून तिच्या देवीले, कंकाली दाईले, बोलवू लागली.

दुपारी लाथ बसली वं माय! नर्सबाई तर रडलीच.

"आता नारळ कोणाले फोडू?" मी म्हातारीले विचारलं.

"तिघींलेही फोड. त्यायचं काही भांडण नाही."

डॉक्टर म्हणते, सगळं ठीक आहे. तरी घडोघडी पोटावर हात जाते. लेकरू निजलं असंल, असं मनाले समजावतो.

प्रसाद धाडू नको. तूच ये.

तुह्या वाटेकडे डोळे लावलेली,
गोपिका